खांदा खाली होता

जानेवारीत आमच्या कुस्तीच्या कंपनीचा विजेता मानाचा पट्टा घेऊन पळाला. हे ठरलेलं नव्हतं. रविवारी हॉल भरला, दिवे लागले, त्याचं संगीत वाजलं, पुन्हा वाजलं, आणि पडद्यामागून कुणी आलंच नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीच्या रिंगमध्ये, आमचा पट्टा खांद्यावर टाकून हसत उभा असलेला तो टीव्हीवर दिसला.

"अगोबाई, ही तर चोरी झाली!" आई म्हणाली.

"चोरी नाही गं. करार संपला होता त्याचा," माझा धाकटा भाऊ म्हणाला.

"करार संपला म्हणून कुणी ऑफिसातलं कपाट उचलून घरी नेतं का?"

धाकटा आणि माझा नवरा हातातला चहा थंड होऊ देत टीव्हीकडे बघत होते. या धंद्यात धक्के देणं हे त्यांचं रोजचं काम, पण धक्का बसण्याची सवय दोघांनाही नव्हती.

घरातली दोन माणसं त्या कंपनीत होती, म्हणून मी 'आमचा पट्टा' म्हणते. धाकटा कुस्ती खेळायचा. रिंगमधलं त्याचं नाव वादळ. घरी मात्र तो इतका हळू जेवायचा की त्याच्या ताटाभोवती आई टेबल पुसून घ्यायची. माझा नवरा त्याच रिंगमध्ये पंच होता. ते नात्याने दाजी-मेहुणे आहेत हे प्रेक्षकांना कळू द्यायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. त्यामुळे आई आणि मी हॉलमध्ये बसायचो, धाकट्यासाठी टाळ्या वाजवायचो आणि नवऱ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायचो. तसंही पंचासाठी टाळ्या वाजवल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

या कुस्तीत निकाल आधी ठरतो. कोण जिंकणार, कसा जिंकणार, हे कंपनीचे मालक ठरवतात. पडणं मात्र ठरवून कमी दुखत नाही. लाकडी फळ्या, त्यांवर हाताच्या पंजाएवढी जाड गादी, तिच्यावर कॅनव्हास. त्यावर पाठीवर पडायचं, आठवड्यातून कितीतरी वेळा. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे निकाल शेवटी कळतो आणि तो बदलता येत नाही. लग्नानंतर सुरुवातीला नवऱ्याला मी विचारायचे, "निकाल ठरलेलाच असतो, तर पंच कशाला लागतो?"

"कारण ठरलेलं मोडू शकतं," तो म्हणायचा. "एखाद्याला खरंच लागतं. एखादा विसरतो. तेव्हा काय ते पंचाने ठरवायचं. दोन्ही खांदे जमिनीला टेकले आणि मी तीन मोजले, की संपलं. मग मालकांनी काहीही लिहिलेलं असो. पंच मोजून बसला, की मागे फिरत नाही. चूक झाली तरी चूक झाली म्हणत नाही."

"कधीच नाही?"

"म्हटलं तर पुढच्या वेळी माझं मोजणं कोण मानेल?"

धाकटा इतकी वर्षं हरत आला होता. त्याच्या हरण्यामुळे समोरचा मोठा दिसायचा. "तुझ्यासारखं हरायला कुणाला जमत नाही," असं मालक त्याची पाठ थोपटून म्हणायचे. ते कौतुकच होतं. ज्या दिवशी ते कौतुक व्हायचं त्या दिवशी तो आणखी हळू जेवायचा.

मार्चमध्ये नवा पट्टा तयार झाला आणि दुसरा धक्का बसला. या वेळी ठरवलेला, पण आम्हाला न सांगितलेला. धाकट्याचा एक जोडीदार होता, पहाड नावाचा. दोघं जोडीने लढायचे. पहाड आमच्या टेबलावर इतक्यांदा जेवलेला, की त्याच्यासाठी एक मोठं ताट वेगळं ठेवलेलं होतं. त्याच्या मापाचा स्वेटर बाजारात मिळत नाही म्हणून आईने स्वतः विणून दिला होता. त्या रविवारी जोडीची लढत जिंकून धाकटा लोकांना हात करत उभा असताना पहाडाने मागून लोखंडी खुर्ची उचलली आणि त्याच्या पाठीत घातली.

मग कुणीतरी किंचाळलं. ती आई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहाड फळांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. आईने दार अर्धंच उघडलं.

"काकू, अहो, ते ठरलेलं होतं."

"कुणी ठरवलं?"

"मालकांनी."

"आणि तू हो म्हणालास?"

"माझं कामच आहे ते. धाकट्यालाही माहीत होतं. विचारा हवं तर."

"त्याला विचारते मी, त्याचाही नंबर आहे. तुला विचारतेय. माझ्या हातचा स्वेटर घालणाऱ्या माणसाला 'हे मला जमणार नाही' एवढं म्हणता येत नाही?"

पहाडाने खाली मान घातली. दाराएवढा माणूस पिशवी दोन्ही हातांत धरून उभा होता. आतून धाकटा ओरडला, "घे गं त्याला आत, पाठ माझी आहे!" शेवटी आईने पिशवी घेतली, पहाडाला आत घेतलं आणि त्याला लहान ताटात वाढलं. पुढचे कित्येक महिने तो लहान ताटातच जेवला. तक्रार केली नाही.

उन्हाळ्यात पहाड विजेता झाला. जुलैमध्ये मालकांनी धाकट्याला ऑफिसात बोलावलं. मग तो घरी आला. पाणी प्यायला, बसला, उठला, परत बसला.

"ऑक्टोबरमध्ये पट्टा मला देतायत," तो म्हणाला.

आईने हातातलं काम टाकून त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. माझा नवरा इतका जोरात हसला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. मी काय केलं ते मला आठवत नाही. बहुधा काहीच नाही. मी नुसती त्याच्याकडे बघत होते, आणि बघता बघता मला दिसलं की त्याने पाण्याचा पेला उजव्या हातात धरलाय.

धाकटा डावखुरा आहे. लिहिणं, दात घासणं, चेंडू फेकणं, सगळं डाव्या हाताने. लहानपणी शाळेतल्या बाईंनी खूप प्रयत्न केले, तरी तो बदलला नाही. मी त्या दिवशी काही बोलले नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. पण ऑगस्टभर मी बघत राहिले. चहाचा कप उजव्या हातात. कुलपाची किल्ली उजव्या हातात. बटणांचे शर्ट त्याने घालणंच सोडलं होतं, डोक्यावरून घालायचे टी-शर्ट चालू झाले होते. एकदा दुधाची पिशवी त्याच्या डाव्या हातातून खाली पडली, आणि ती पडल्याचं त्याला आवाजावरून कळलं.

"बोटं बधिर झालीयत ना?" मी विचारलं.

"झोपेत हाताखाली दबली होती."

"महिनाभर?"

"ताई, तू पाणी तपास. मला नको तपासूस."

"मानेची तपासणी करून घे. एक फोटो काढायला कितीसा वेळ लागतो?"

"फोटो काढला तर डॉक्टर लिहून देणार. लिहून दिलं की ते कंपनीत जाणार. मग पट्टा दुसऱ्या कुणाला तरी." त्याने डावा हात खिशात घातला. "ऑक्टोबर होऊ दे. मग तू म्हणशील त्या मशीनमध्ये झोपतो. शपथ."

ऑक्टोबरच्या लढतीच्या आदल्या दिवशी त्याने सगळी लढत आम्हाला जेवणाच्या टेबलावर दाखवली. मिठाची बरणी म्हणजे तो. पाण्याचा जग म्हणजे पहाड. जग बरणीवर पडणार, दाजी मोजणार, एक, दोन, आणि बरणी खांदा उचलणार. मग चिडलेला जग बरणीला डोक्यावर उचलून मानेवर आपटणार. लोकांना वाटणार, संपलं. आणि तिथून बरणी उठणार आणि जिंकणार.

"मानेवर?" मी विचारलं.

"मानेच्या जरा खाली. दिसतं मानेवर."

"जग जड आहे," आई म्हणाली.

"आई, जग भरलेला आहे म्हणून," धाकटा म्हणाला आणि सगळे हसले. माझा नवरा हसला नाही. तो बरणीकडे बघत होता.

लढतीच्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. कप, किल्ली, बटणं, दुधाची पिशवी. तो शर्टाला इस्त्री करत होता. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला, आणि मीच पुढे होऊन इस्त्री उचलून उभी केली.

"मी बघतो," एवढंच तो म्हणाला.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटा आला तेव्हा लोक उभे राहिले. इतकी वर्षं त्याला हरताना पाहिलेले लोक होते ते, आणि त्यांनाही कुठूनतरी कळलं होतं की आज काहीतरी वेगळं आहे. लढत सुंदर झाली. मला या खेळातलं सौंदर्य फारसं कळत नाही, पण त्या दिवशी कळलं. पहाड एवढा अवजड माणूस, पण धाकट्याला काचेच्या भांड्यासारखा उचलत होता आणि ठेवत होता, आणि ते पाहून लोकांना वाटत होतं की तो त्याला फोडतोय.

मग एका फेकीत धाकटा वाकडा पडला. फार नाही. पण मला आवाज वेगळा आला. पहाड ठरल्याप्रमाणे त्याच्यावर आडवा झाला, आणि माझा नवरा गुडघ्यावर बसला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रिंगमध्ये कुणी पडला की पंच त्याचा हात उचलतो. लोकांना वाटतं, शुद्धीवर आहे का ते बघतोय. खरं तर पंच तो हात दाबतो. पडलेल्याने उलट दाबला, तर तो ठीक आहे आणि खेळ पुढे चालू. इतकी साधी पद्धत. बोलायचं नाही, कारण कॅमेरे जवळ असतात. नवऱ्याने धाकट्याचा डावा हात उचलला. किंचित थांबला. मग हात खाली ठेवला आणि मोजायला लागला.

एक.

दोन.

तीन.

त्याचा पंजा तिसऱ्यांदा गादीवर आपटला आणि हॉलमध्ये काहीच झालं नाही. घंटा वाजली नाही. घंटेवरचा माणूस हातोडी हातात धरून मालकांकडे बघत होता. मालक पडद्याच्या फटीतून अर्धे बाहेर आले होते आणि त्यांचं तोंड उघडं होतं. पहाड धाकट्यावरून उठायलाच तयार नव्हता. माझा नवरा उभा राहिला आणि घंटेकडे बोट दाखवून ओरडला. तेव्हा ती वाजली.

"संपलं?" आई म्हणाली. "असं कसं संपलं? बरणी उठणार होती ना?"

पट्टा पहाडाकडेच राहिला. त्याच्या हातात तो दिला, तेव्हा त्याचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला होता. लोकांनी कागदी पेले फेकायला सुरुवात केली, सगळे माझ्या नवऱ्यावर. चोर, विकला गेला, आंधळा. त्याने चेहरा पुसला नाही. धाकटा उठला नाही. उठायचा प्रयत्न केला, एका कुशीवर झाला, आणि परत पाठीवर पडला. स्ट्रेचर आलं. माझ्या मागचा एक माणूस बायकोला म्हणाला, "काय काम करतो हा! अगदी खरं वाटतंय." मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने मला हसून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मानेचं ऑपरेशन झालं. सर्जन कमी बोलणारे होते. दोन मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. दाब काढला. हात बराचसा परत येईल, वेळ लागेल. "मानेवर आणखी एक आपटी बसली असती, तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो," ते म्हणाले. "रिंग आता नाही. कधीच नाही."

मालक आधी नवऱ्यावर फोनवरून इतके ओरडले की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. दोन दिवसांनी त्यांचा आवाज बदलला. लोक वेडे झाले होते. जिथे तिथे तेच बोलणं, पंचाने वादळाला फसवलं. पुढच्या सगळ्या कार्यक्रमांची तिकिटं संपली होती. "असा धक्का मला आयुष्यात लिहिता आला नसता," मालक म्हणाले. "पण एक सांग, खरं काय झालं?"

"खांदा खाली होता," माझा नवरा म्हणाला.

हेच तो सगळ्यांना म्हणाला. आईला, पहाडाला, मलाही. मी सकाळी नाश्ता करताना सरळ विचारलं, "मी सांगितलं म्हणून तीन मोजलेस का?" त्याने पावाचा तुकडा खाली ठेवला. "खांदा खाली होता," तो म्हणाला आणि उठून गेला. मी चित्रीकरण पाहिलं. पुढे-मागे करून, थांबवून थांबवून पाहिलं. नेमक्या त्या क्षणी कॅमेऱ्यात फक्त माझ्या नवऱ्याची पाठ दिसते. पहाडाला विचारलं, तर तो रडवेला झाला. "काकूंची शपथ, माझं तोंड गादीत होतं. तो हलला असं वाटलं, पण मीच हललो असेन."

धाकटा हॉस्पिटलमधून घरी आला, गळ्याभोवती कडक पट्टा, चेहरा सतत समोर. तो दाजींशी बोलला नाही. एकाच टेबलावर दोघं जेवायचे, आणि मीठ हवं असलं तर आईमार्फत मागायचे.

नोव्हेंबरमध्ये एकदा मी त्याच्या बोटांचे व्यायाम करून घेत होते. रबरी चेंडू डाव्या हातात देऊन दाबायला लावायचा. तो अचानक म्हणाला, "ताई, मी खांदा उचलला होता."

"मग म्हण ना तसं दाजींना."

"पण मला खात्री नाही." चेंडू त्याच्या हातातून घरंगळला. "मी उचलायला सांगितलं खांद्याला. इतकी वर्षं सांगतोय, तो उचलला जातो. त्या दिवशी उचलला गेला की नाही, हे मला आतून कळतच नाही. माझ्याच अंगाने मला काही कळवलं नाही. आता सगळी दुनिया म्हणते दाजींनी फसवलं, आणि दाजी म्हणतात खांदा खाली होता. म्हणजे काय? पट्टा समोर असताना मला साधा खांदा उचलता आला नाही?"

मी चेंडू उचलून परत त्याच्या हातात दिला. माझ्याकडे पुरावा नव्हता.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी कंपनीचा वार्षिक सोहळा असतो. प्रेक्षक मतं देतात, वर्षातली सर्वोत्तम लढत, सर्वोत्तम जोडी वगैरे. 'वर्षातला सर्वांत मोठा धक्का' म्हणून पळालेला विजेता आणि पहाडाची खुर्ची दोन्ही मागे पडले होते. पंचाचं ते तीन मोजणं जिंकलं होतं. मानचिन्ह वादळाच्या हस्ते पंचाला द्यायचं, असं ठरलं. धाकट्याने कुस्तीचा पूर्ण पोशाख घातला, बूटसुद्धा. बुटांच्या नाड्या पहाडाने बांधून दिल्या. त्याने पोशाख घातला म्हणून आई खूश होती. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

सोहळ्याच्या मध्ये मी पाणी आणायला मागच्या बाजूला गेले. तिथे भिंतीला टेकवून पोस्टर्सचे गठ्ठे ठेवले होते, छपाईचा वास येत होता. सगळ्यात वरच्या पोस्टरवर माझा भाऊ होता, गळ्यात पट्टा नसलेला. खाली लिहिलं होतं, 'मार्चमध्ये वादळ परत येतंय! वादळ विरुद्ध पंच!'

मी जवळच्या माणसाला विचारलं, तर तो उत्साहाने सांगायला लागला. आज वादळ स्टेजवर गळ्यातला पट्टा काढून फेकणार, पंचाला ठोसा लगावणार आणि परत येण्याची घोषणा करणार. अजून कुणालाच माहीत नाही. त्याने स्वतःच मालकांकडे जाऊन मागितलंय. डॉक्टरांची परवानगी आहे म्हणाला.

माझा नवरा पडद्याजवळ आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. मी पोस्टर त्याच्यासमोर धरलं.

"तुला माहीत होतं?"

त्याने ते दोनदा वाचलं. "नाही. मला एवढंच सांगितलं, मानचिन्ह घे आणि एक ठोसा खा."

"थांबव त्याला."

"माझं ऐकेल तो?"

"त्याला सिद्ध करायचंय. आपला खांदा टेकला नव्हता हे त्याला सिद्ध करायचंय, आणि त्याच्यासाठी तो मान मोडून घेईल. होता का टेकलेला? मला तरी खरं सांग."

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं. तो गेला.

रिंगलाच त्या दिवशी स्टेज केलं होतं. लोकांनी नवऱ्याची यथेच्छ हुर्यो उडवली. मग धाकटा आला आणि छत उडेल असा आवाज झाला. त्याच्या उजव्या हातात मानचिन्ह होतं. ते त्याने खाली ठेवलं, ठरल्याप्रमाणे. उजवा हात गळ्याच्या पट्ट्याकडे नेला. लोक ओरडायला लागले, काढ, काढ, काढ. आई माझ्या शेजारी उठून उभी राहिली. "हे काय करतोय हा? काढायचा नाहीये ना तो?"

धाकट्याने पट्ट्याची कड धरली, आणि तिथेच थांबला. तो दाजींकडे बघत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा बघत होता.

"दाजी," तो म्हणाला. दोघांच्या अंगावर माइक लावलेले होते, त्यामुळे तो शब्द सगळ्या हॉलने ऐकला. पहिल्या रांगेतल्या काहींनी एकमेकांकडे पाहिलं. "एकदाच विचारतो. मी खांदा उचलला होता का?"

माझा नवरा एक पाऊल पुढे आला.

"उचलला होतास," तो म्हणाला.

पडद्यामागे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"डावा," नवरा पुढे म्हणाला. "दोन बोटं वर आला होता. मी तीन म्हणायच्या आधी आला होता. मी पाहिलं आणि तरी मोजलं."

"का?"

"मी तुझा हात दाबला. त्यात काहीच नव्हतं. लाकूड धरल्यासारखा होता. आणि तशा हाताचा खांदा तू वर उचललास, अजून मला कळत नाही कसा उचललास. पुढे पहाड तुला मानेवर टाकणार होता. लढत थांबवायची खूण केली असती, तर तू उठून पुढे खेळला असतास. तुला मी ओळखतो. तीन मोजल्यावर मात्र कुणाला काही करता येत नाही."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"पंच असं सांगत नाही," नवरा म्हणाला. मग म्हणाला, "चूक झाली. सांगायला हवं होतं."

मग एका कोपऱ्यात टाळी वाजली, दुसरी वाजली, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. त्यांना ते लिहिलेलं वाटत होतं. वर्षातलं सगळ्यात छान लिहिलेलं. लोक परत ओरडायला लागले, काढ, काढ. मालक पडद्यातून हात हलवून धाकट्याला खुणा करत होते, ठोसा, ठोसा मार.

धाकट्याने गळ्यावरचा हात खाली घेतला. तो सावकाश, पाठ ताठ ठेवून, गादीवर खाली बसला. लहान मूल बसतं तसे दोन्ही पाय समोर पसरून.

"दाजी, मला वाकता येत नाही," तो म्हणाला. "बूट काढा माझे."

माझा नवरा गुडघ्यावर बसला आणि नाड्या सोडायला लागला.

प्रेक्षकांना याचा अर्थ माहीत नव्हता. कुणीतरी हसलंसुद्धा. पण या धंद्यातल्या माणसांना माहीत असतं. कुस्तीगीर रिंगमध्ये बूट काढून ठेवतो, तो परत कधी येणार नसतो तेव्हाच. हे कुणाच्या सांगण्यावरून करत नाहीत, आणि गोष्टीत तर कधीच घालत नाहीत. मालकांनासुद्धा हे लिहायची हिंमत झालेली नाही.

पहिला पहाड बाहेर आला. पट्टा त्याच्या खांद्यावर होता, आणि तो रिंगच्या कडेला येऊन नुसता उभा राहिला. त्याच्यामागून बाकीचे आले. एकमेकांचे शत्रू म्हणून वर्षभर लोकांसमोर रक्त आटवलेले, मुखवटेवाले, बायका, नवीन पोरं, कपड्यांची शिवण करणारी बाई, घंटेवाला. ठरल्याशिवाय कधीच एकत्र न दिसणारी ती सगळी माणसं एका ओळीत उभी होती. पहाड उघड उघड रडत होता. एकाने मुखवटा वर करून डोळे पुसले, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच लोकांना दिसला, पण कुणी ओरडलं नाही.

तेव्हा लोकांना कळलं. मी ते होताना पाहिलं. टाळ्या एका बाजूने थांबत गेल्या. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस हात तसेच हवेत धरून होता. "म्हणजे हे खरंय?" त्याने कुणाला तरी विचारलं. मालक पडद्याबाहेर आले होते. त्यांनी वर्षभर सगळ्यांना धक्के दिले, आणि आता त्यांना उभं राहायला दोराचा आधार घ्यावा लागला होता.

नवऱ्याने दुसरा बूट काढला आणि दोन्ही बूट जोडीने गादीच्या मधोमध ठेवले. धाकट्याला काखेत हात घालून उठवलं. दोघं पायऱ्यांकडे निघाले, धाकटा राखाडी मोज्यांत, एकेक पाऊल चाचपत, दाजींच्या खांद्यावर डावा हात ठेवून. त्या हातात पकड नव्हती. पण तो घसरत नव्हता, कारण माझ्या नवऱ्याने वरून तो धरून ठेवला होता.

इतक्या मोठ्या हॉलमध्ये एकही खुर्ची करकरत नव्हती. आईने माझा दंड घट्ट धरला.

"अगं, फरशी गार असेल," ती म्हणाली. "त्याच्या चपला कुठे ठेवल्यायत, बघ जा लवकर."